कारागृहातील स्त्रियांनी केसांची निगा कशी राखावी

कारागृहात दाखल झालेल्या स्त्रीचे पहिल्या काही आठवड्यांत ज्याकडे सर्वांत आधी दुर्लक्ष होते, ते तिचे केस. झडतीच्या वेळी धातूच्या पिना, आकडे, क्लचर बाहेर ठेवून घेतले जातात, पाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आरसा बहुधा नसतो, आणि अटकेच्या धक्क्यात वेणीफणीचे भान कोणाला राहणार? मग आधी गुंता होतो, गर्दीच्या बराकीत शेजारणीच्या डोक्यातून उवा येतात, खाजवून खाजवून टाळूवर फोड उठतात आणि शेवटी कोणीतरी सुचवते की केस कापूनच टाका. या साखळीतला जवळजवळ प्रत्येक दुवा आधीच तोडता येतो, आणि त्यासाठी लागणारे सामान कारागृहाच्या कँटीनमध्ये मिळण्यासारखेच असते.

आत मोबाइल नसल्यामुळे हे वाचणाऱ्या बहुधा बंदी स्त्रीच्या आई, बहिणी, मुली, वकील किंवा महिला विभागात काम करणाऱ्या कार्यकर्त्या असतील. त्यांनी आपल्या माणसाला लागू पडणारा भाग पत्रात उतरवून पाठवावा किंवा मुलाकतीत सांगावा. मुलाकतीची वेळ थोडी असते आणि ती खटल्याच्या बोलण्यातच संपते, म्हणून पत्र अधिक उपयोगी पडते. पत्र तपासूनच आत जाते, पण त्यात केस धुण्याची कृती लिहिण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

सामान आणि त्यावरचा हक्क

केसांची निगा ही चैन आहे, असे बंदी स्त्रीला आणि कधीकधी तिच्या घरच्यांनाही वाटते. नियम तसे मानत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील अठराव्या नियमानुसार बंद्यांना स्वच्छतेसाठी पाणी आणि आवश्यक वस्तू मिळाल्या पाहिजेत, तसेच स्वाभिमानाला साजेसे रूप राखता यावे म्हणून केसांच्या निगेची सोय असली पाहिजे. स्त्री बंद्यांसाठी २०१० मध्ये स्वीकारलेले बँकॉक नियमही स्त्रियांच्या स्वच्छतेच्या वेगळ्या गरजा आणि पाण्याचा नियमित पुरवठा यांचा स्पष्ट उल्लेख करतात. आपल्याकडे १८९४ च्या कारागृह अधिनियमातील कलम ३१ न्यायाधीन बंद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याला, तपासणीच्या आणि नियमांच्या अधीन राहून स्वतःच्या खर्चाने कपडे, अंथरूण आणि इतर गरजेच्या वस्तू घेण्याची मुभा देते. तेल आणि कंगवा या गरजेच्याच वस्तू आहेत.

भायखळ्याचे महिला कारागृह असो, येरवड्याचे असो, किंवा नागपूर, कल्याण, गोव्यातील कोलवाळ येथील महिला विभाग असो, कोणती वस्तू बाहेरून आत जाईल आणि कोणती कँटीनमधूनच घ्यावी लागेल हे त्या त्या ठिकाणी विचारूनच ठरवावे. सर्वसाधारणपणे कपडे मुलाकतीच्या वेळी स्वीकारले जातात, तर तेल, शाम्पू, साबण यांसाठी बंदीच्या खात्यावर पैसे जमा करावे लागतात. म्हणून बाटल्यांची पिशवी घेऊन दारापर्यंत जाण्यापेक्षा पैसे वेळेवर पाठवणे अधिक कामाचे ठरते. पैसे कमी असतील तर आधी कंगवा, मग खोबरेल तेल, मग शाम्पूच्या पुड्या, असा क्रम मी सुचवीन. कंडिशनर, सीरम यांवर खर्च करू नये. कंगवा प्लास्टिकचा, रुंद दातांचा आणि शक्यतो बिनमुठीचा घ्यावा, कारण टोकदार मूठ असलेला कंगवा झडतीत काढून घेतला जाण्याची शक्यता असते. बारीक दातांची फणी वेगळी, ती फक्त उवांसाठी.

कंगव्यावर आणि फणीवर रंगीत दोरा गुंडाळून ठेवावा, म्हणजे आपली वस्तू ओळखू येते. बराकीत कंगवा नाकारणे अवघड जाते, कारण नकार हा अपमान समजला जातो. त्यापेक्षा पहिल्याच दिवसापासून ‘माझ्या डोक्याला खाज आहे, तुम्हाला लागण होईल’ असे सांगितलेले बरे.

अर्ध्या बादलीत न्हाणे

पाणी मोजके असते तेव्हा केस धुण्याचे यश न्हाण्याआधीच्या तयारीवर अवलंबून असते. कोरड्या केसांतला गुंता आधी काढावा, कारण पाणी लागले की गुंता आवळतो आणि ओले केस ताणल्यावर अधिक तुटतात. विंचरायला टोकाकडून सुरुवात करावी. शेवटची चार बोटे मोकळी झाली की थोडे वर सरकावे, असे करत टाळूपर्यंत यावे. टाळूपासून सुरुवात केली की सगळा गुंता खाली ढकलला जाऊन टोकाशी गाठ बसते.

न्हाण्याच्या आधी तासभर, किंवा कोंडा नसेल तर आदल्या रात्री, केसांच्या लांबीला आणि टोकांना थोडे खोबरेल तेल लावावे. खोबरेल तेल केसांच्या आत मुरते आणि धुताना केसांतील प्रथिनांचा होणारा ऱ्हास कमी करते, म्हणून कँटीनमधल्या इतर सुगंधी तेलांपेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे. एका वेळी लहान चमचाभर पुरते. ओघळेपर्यंत थापलेले तेल काढण्यासाठी दुप्पट शाम्पू आणि दुप्पट पाणी लागते, आणि ते पाणीच तर नसते.

खांद्यापर्यंतच्या केसांसाठी अर्धी बादली पाणी पुरते, कमरेपर्यंतच्या केसांना त्याहून थोडे अधिक लागते. दोन तांबे पाणी सावकाश ओतून केस पूर्ण भिजवावेत. शाम्पूची पुडी थेट डोक्यावर न पिळता अर्धा मग पाण्यात मिसळून घ्यावी. पातळ केलेला शाम्पू टाळूवर सारखा पसरतो, कमी लागतो आणि लवकर निघतो. तो फक्त टाळूला लावून बोटांच्या पेरांनी चोळावा, नखांनी नव्हे. टाळूवरून खाली वाहणारा फेस लांबीच्या केसांना पुरेसा असतो. उरलेले पाणी चार-पाच वेळा थोडे थोडे करून ओतावे आणि दर वेळी केस हाताने निथळावेत, कारण एकदम ओतलेल्या मोठ्या तांब्यापेक्षा लहान लहान धारांनी साबण अधिक निघतो.

शाम्पू नसला की अंगाचा किंवा कपड्यांचा साबण वापरला जातो. कपड्यांचा साबण अजिबात वापरू नये. तो इतका अल्कधर्मी असतो की केस राठ होतात आणि टाळू कोरडी पडून खाजते. अंगाचा साबण नाइलाजाने चालेल, पण बोअरवेलच्या जड पाण्यात त्याची पांढुरकी साय केसांवर बसते आणि केस चिकट होतात. लिंबू मिळत असेल तर अर्ध्या लिंबाचा रस मगभर पाण्यात मिसळून, डोळे मिटून, शेवटच्या तांब्याआधी केसांवरून ओतावा आणि साध्या पाण्याने धुवून टाकावा. शिकेकाईची पूड मिळाल्यास उत्तमच, मात्र ती गाळून घ्यावी, नाहीतर तिचे कण काढण्यातच पाणी संपते.

न्हाण्याची वेळ सकाळचीच ठेवावी. बराकी संध्याकाळी लवकर बंद होतात, आणि एकदा कुलूप लागले की ओले केस वाळवायला ना ऊन ना वारा. ओल्या केसांची वेणी घालून झोपल्यास टाळूला कुबट वास येतो, कोंडा वाढतो आणि त्याच ओलसर डोक्याने अंथरूणही ओले होते. केस पंचाने चोळू नयेत, पंचा दाबून पाणी टिपावे. आठवड्यातून दोनदा न्हाणे पुरेसे आहे. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात केस वाळतच नाहीत, तेव्हा एकदाच न्हावे आणि मधल्या दिवशी ओल्या कपड्याने फक्त टाळू पुसून घ्यावी.

एरवी केस बांधूनच ठेवावेत. सैल वेणी सर्वांत चांगली, कारण तिच्यात गुंता होत नाही आणि शेजारणीच्या डोक्याला केस लागत नाहीत. रबराने केस तुटतात. जुन्या सुती ओढणीची पट्टी किंवा कापडी बंद वापरावा. अंबाडा रोज एकाच जागी घट्ट बांधल्यास कपाळावरची आणि कानांमागची केसरेषा मागे सरकते, म्हणून त्याची जागा बदलत राहावे.

मुंबईच्या कारागृहात आफ्रिकी देशांतील स्त्रियाही असतात आणि त्यांच्या दाट कुरळ्या केसांना वरचे सगळे जसेच्या तसे लागू होत नाही. असे केस कोरडे असतात, दहा-पंधरा दिवसांतून एकदा धुतलेले पुरतात, ते ओले आणि तेल लावलेले असतानाच बोटांनी किंवा रुंद कंगव्याने सोडवावे लागतात, आणि बारीक सैल वेण्यांत ते सुरक्षित राहतात. अशा वेण्या म्हणजे अस्वच्छता नव्हे, हे बराकीतल्या इतर स्त्रियांना आणि महिला शिपायांना कार्यकर्त्यांनी समजावून सांगावे.

उवा

उवा अस्वच्छतेमुळे होतात हा समज सोडला पाहिजे. स्वच्छ धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच सुखाने राहतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत जाते. बराकीत अंथरुणाला अंथरूण लागलेले असते आणि डोकी जवळजवळ येतात, म्हणून ती तिथे पसरते. लीख साधारण आठवडा ते दहा दिवसांत फुटते आणि पिलू पुढच्या नऊ ते बारा दिवसांत अंडी घालण्याइतके मोठे होते. हे वेळापत्रक लक्षात ठेवावे, कारण उपचार फसतो तो बहुधा इथेच: औषध एकदा लावून उवा मरतात, लिखा राहतात, आणि दहा दिवसांनी सगळे पुन्हा सुरू होते.

कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे एक टक्का परमेथ्रिनचे औषध मागावे. केस साध्या शाम्पूने धुवून, पुसून, ओलसर असतानाच ते टाळूपासून टोकापर्यंत लावावे, दहा मिनिटे ठेवावे आणि पाण्याने धुवावे. त्या दिवशी तेल किंवा कंडिशनर लावू नये आणि पुढचे एक-दोन दिवस डोके धुवू नये. नऊ-दहा दिवसांनी, म्हणजे उरलेल्या लिखा फुटल्यावर, तेच पुन्हा करावे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने तसे डॉक्टरांना आधी सांगावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयानुसार सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर कारागृहात राहू शकतात. अशा मुलाचे डोके आईच्या डोक्याबरोबर, त्याच दिवशी तपासावे, आणि बाळ अगदी तान्हे असेल तर औषध डॉक्टरांना विचारूनच लावावे.

औषध मिळेपर्यंत, किंवा मिळालेच नाही तर, फणी हाच उपाय आहे आणि तो चिकाटीने केला तर खरोखर लागू पडतो. केसांना भरपूर तेल लावावे. तेलाने उवांची हालचाल मंदावते आणि फणी सहज फिरते. आधी कंगव्याने गुंता काढावा, मग केसांचे लहान लहान भाग करून फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढावी आणि दर ओढीनंतर पांढऱ्या कापडावर पुसावी. कानांमागचा भाग आणि मान यांवर अधिक वेळ द्यावा, उवा तिथेच जास्त सापडतात. हे दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे, आणि शेवटची जिवंत ऊ सापडल्यानंतरही एक-दोन वेळा करावे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून टाळूपासून बोटभर दूर दिसणारी लीख बहुतेक रिकामे कवच असते. तिच्यासाठी पुन्हा औषध लावण्याची गरज नाही.

डोक्याचा मागचा भाग स्वतःला दिसत नाही आणि आरसाही नाही, म्हणून दोघीदोघींच्या जोड्या लावून, दिवसाच्या उजेडात, एकमेकींचे डोके आठवड्यातून एकदा पाहावे. बराकीतल्या एकट्या एका स्त्रीने केलेला उपचार वाया जातो. महिला विभागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की एकेकीला औषधाची बाटली देण्यापेक्षा वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून सगळ्या बराकीचा एकच दिवस ठरवावा आणि दुसऱ्या मात्रेचा दिवसही त्याच वेळी नोंदवून घ्यावा. डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांत मरते, त्यामुळे चादर, ओढणी, उशीचे कापड त्या दिवशी धुवून कडक उन्हात टाकावे किंवा दोन दिवस बाजूला ठेवावे. फण्या गरम पाण्यात दहा मिनिटे बुडवाव्यात. अंथरुणांवर कीटकनाशक फवारण्याची गरज नसते.

रॉकेल, फिनेल, झुरळांचे औषध डोक्याला लावू नये, हे सांगावे लागते कारण ते लावले जाते. त्याने टाळू भाजते, आणि रॉकेल पेट घेते. त्याहून जास्त सावध राहावे ते सीताफळाच्या बियांच्या पुडीपासून. आपल्या खेड्यांत हा उपाय आजीपणजींपासून चालत आला आहे आणि त्याने उवा मरतातही, पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला गंभीर इजा होते. चुकून गेलीच तर डोळे लगेच आणि बराच वेळ पाण्याने धुवावेत आणि डॉक्टरांकडे जाण्यासाठी आग्रह धरावा.

कोंडा आणि केसगळती

कोंड्याला तेल हा उपाय नाही. कोंड्याशी संबंधित बुरशी टाळूवरच्या स्निग्धतेवरच वाढते, म्हणून अशा स्त्रीने टाळूला तेल न लावता केवळ टोकांना लावावे आणि दवाखान्यातून केटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू मागून घ्यावा. तो आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटे टाळूवर ठेवून, दोन ते चार आठवडे वापरतात. टाळूवर केस तुटून गोल चट्टे पडले असतील, विशेषतः मुलाच्या डोक्यावर, तर तो नायटा असू शकतो. त्यावर मलम पुरत नाही, पोटात घेण्याचे औषध लागते. खपल्या, पू, मानेत गाठी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आत आल्यावर दोन-चार महिन्यांनी मूठ मूठ केस गळू लागले तर घाबरू नये. मोठा मानसिक धक्का, ताप, बाळंतपण, अचानक घटलेले खाणे यांनंतर केसांचा मोठा भाग एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातो आणि काही महिन्यांनी गळतो. मुळे शाबूत असतात आणि साधारण सहा महिन्यांत केस परत येऊ लागतात. मात्र दम लागणे, चक्कर, फिकटपणा, पाळीत जास्त रक्त जाणे यांपैकी काही असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी, कारण रक्तक्षयावर गोळ्या मिळतात. गळती होत असताना डोके न धुणे हा उपाय नव्हे. गळणारे केस तसेही गळणार असतात.

गुंत्याची जट होते तेव्हा

ज्या स्त्रीने कित्येक आठवडे केसांना हात लावलेला नाही तिच्या केसांचा नमद्यासारखा गोळा होतो. महाराष्ट्रात आणि सीमाभागात अशा जटेला देवीची खूण मानतात आणि ती कापली तर कोप होईल या भीतीने स्त्रिया ती वर्षानुवर्षे वागवतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांशी बोलून जट काढण्याचे काम अनेक वर्षे करत आले आहेत. त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट ही की आधी बोलणे होते, स्त्रीची संमती मिळते, आणि मगच कात्री हातात घेतली जाते. कारागृहात तर हे अधिक काटेकोरपणे पाळले पाहिजे, कारण तिथे नकार देण्याची तिची ताकद आधीच कमी झालेली असते.

नव्याने झालेला गुंता बहुधा सोडवता येतो. तेलात भिजवून तासभर ठेवावा, मग कडेच्या सुट्या केसांपासून बोटांनी उकलत आत जावे, आणि एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरू नये. रोज थोडा वेळ देत चार दिवस लागले तरी चालतील. मध्यभागी सुटणारच नाही अशी गाठ राहिली तर तेवढीच कापावी. केसांकडे पूर्ण दुर्लक्ष करणारी स्त्री जेवत-झोपत आहे का हेही पाहावे आणि समुपदेशकाला कळवावे. अशा वेळी प्रश्न फक्त केसांचा नसतो.

चेहरा, भुवया आणि तारखेचा दिवस

बराकीत भुवया दोऱ्यानेच केल्या जातात आणि ते ठीक आहे, मात्र प्रत्येकीसाठी नवा दोरा घ्यावा, करणारीने तो दातात धरू नये, आणि आधी-नंतर चेहरा धुवावा. ब्लेड एकमेकींत वापरू नये. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातूनही पसरू शकतात. नेलकटर सगळ्यांत एकच असेल तर तो प्रत्येक वेळी साबणाने धुवून पुसून घ्यावा. हनुवटीवर राठ केस वाढत असतील आणि पाळीही अनियमित असेल तर संप्रेरकांची तपासणी मागावी. चिकट टिकली जिथे लावतात तिथली त्वचा पांढरी होऊ लागली तर ती लावणे बंद करावे, तिच्या गोंदातील रसायनाने तसे होते. केस रंगवायचेच असतील तर काळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मेंदीऐवजी साधी मेंदी वापरावी आणि तीही दोन दिवस आधी कानामागे लावून पाहावी.

न्यायालयाच्या तारखेच्या दिवशी पहाटेपासून घाई असते, म्हणून केस आदल्या सकाळी धुवून वेणी घालून ठेवावी. व्हिडिओवर हजेरी असेल तर केस कपाळावरून मागे घ्यावेत, म्हणजे चेहरा स्पष्ट दिसतो.

केस कापण्याचा आग्रह झाला तर

भारतातील कारागृह नियमावल्यांचे सर्वसाधारण तत्त्व असे आहे की स्त्री बंद्याचे केस तिच्या संमतीशिवाय कापू नयेत. आरोग्याच्या कारणाने वैद्यकीय अधिकाऱ्याला ते अटळ वाटले तरच अपवाद, आणि तेव्हाही गरजेपेक्षा अधिक नाही. केवळ उवा झाल्या म्हणून मुंडण अटळ ठरत नाही, कारण वर सांगितलेले उपचार उपलब्ध असतात. स्त्रीला स्वतःला केस लहान करायचे असतील तर तो तिचा निर्णय आहे आणि कमी पाण्याच्या ठिकाणी तो समंजसही असू शकतो. आग्रह बाहेरून होत असेल तर तिने अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्यावा: मला उवांचा त्रास आहे, मी केस कापण्यास संमती देत नाही, मला औषध आणि फणी मिळावी, आणि कापणे आवश्यक वाटत असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तसे कारणासह लेखी नोंदवावे. अर्जाची तारीख तिने लक्षात ठेवावी आणि मुलाकतीत घरच्यांना सांगावी. उत्तर न आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत किंवा पुढच्या तारखेला थेट न्यायाधीशांसमोर ही तक्रार मांडता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्री म्हणून आणि कोठडीतील व्यक्ती म्हणूनही तिला हा वकील विनामूल्य मिळतो.